आधी कडी, मग आठवणी: बालपणीच्या आघातातून सावरताना पुस्तक आणि थेरपी कशी वापरायची

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. त्या पहाटेला तारीख आहे, वेळ आहे. ज्यांचं मन तिथे अडकलं, त्यांना निदान ‘तेव्हापासून’ म्हणता येतं. रोज रात्री नऊच्या सुमाराला अंगणात वाजणाऱ्या दारूड्या बापाच्या चपलांना तारीख नसते. आईबाप ऊसतोडीला कारखान्याला गेले की सहा महिने चुलत्याच्या घरी राहायचं, आणि भाकरी वाढताना ‘तुझ्या बापानं दाणे ठेवलेत का इथं?’ हे ऐकायचं, यालाही तारीख नसते. वसतिगृहातली मारहाण, नात्यातल्या माणसाचा नको तो हात, आईचा महिनाभराचा अबोला, सगळं वर्षानुवर्षं मुरत जातं. मोठेपणी माणूस म्हणतो, ‘तसं काही विशेष झालं नाही माझ्याबरोबर, माझा स्वभावच असा.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’, म्हणजे दीर्घ आघातानंतर मागे राहणारा गुंतागुंतीचा मानसिक त्रास, हे वेगळं निदान आहे. त्याची लक्षणं साध्या भाषेत अशी: जुना प्रसंग पुन्हा आत्ताच घडतोय असं अंगावर येणं, त्याची आठवण करून देणारी माणसं-जागा टाळणं, सतत कान टवकारलेले असणं. या तिघांच्या जोडीला आणखी तीन. भावना एकदम उसळणं किंवा पार बधिर होणं, आपण मुळातच वाईट आहोत, टाकाऊ आहोत असं आतून पक्कं वाटणं, आणि माणसं जवळ आली की भीती, लांब गेली की त्याहून भीती. ही यादी वाचून ‘हा तर मीच’ असं वाटलं तरी तेवढ्यावर निदान होत नाही. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस थकतो, चिडतो, झोप उडते. त्यामुळे पुस्तक घेण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. सांगायला क्षुल्लक वाटतं, पण बरेच जण हेच सोडून देतात आणि अंगातल्या अशक्तपणाला वर्षभर ‘माझा आघात’ म्हणत बसतात.

पुढे जे सांगितलं आहे त्याचा सगळा भर क्रमावर आहे. या वाटेवर बहुतेक चुका क्रम चुकल्याने होतात. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये मांडलेले तीन टप्पे आजही उपचारांचा कणा आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. आपल्याकडे लोक दुसऱ्यापासून सुरू करतात. ‘मन मोकळं कर, सगळं बोलून टाक’ हा सल्ला घरोघर मिळतो. पण ज्या घराला अजून दार नाही त्या घरात सगळं सामान उघडून ठेवायचं नसतं.

पुस्तक उघडण्याआधी

तीन गोष्टी स्वतःला विचारा.

मरण्याचे विचार येतात का, त्याची काही तयारी मनात आहे का? असेल तर पुस्तक बाजूला ठेवा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यातच असतं. ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या, कुलपात ठेवा. विचार येतो आणि सरतो, त्या मधल्या वेळात डबा हाताशी नसणं यानं जीव वाचतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला शिक्षा होईल ही भीती बाळगू नका. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतो.

मार अजून चालू आहे का? चालू असेल तर तुमच्या भीतीला आजार म्हणता येणार नाही, ती बरोबरच आहे. बायकांसाठी १८१, तातडीला ११२, आणि घरात एखाद्या लेकरावर अत्याचार होत असेल तर १०९८. अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना देणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, थेरपिस्टवरसुद्धा. ज्या नातेवाइकाने तुम्हाला त्रास दिला त्याच्याच अंगाखांद्यावर आज भाची खेळत असेल, तर हे बोलणं थेरपीत निघणारच. त्याची तयारी ठेवा.

तिसरं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या. रोज लागत असतील तर आधी त्याचं बघावं लागेल. मात्र एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने किंवा रोज गोळी घेणाऱ्याने अचानक तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या हाताखाली कमी करायचं.

कोणतं पुस्तक

मराठी दुकानात ‘मानसशास्त्र’ नावाच्या फळीवर बहुतेक यशाची आणि सकारात्मकतेची पुस्तकं असतात. आघातावरची चांगली पुस्तकं अजून इंग्रजीतच जास्त आहेत. मराठीत एक भक्कम परंपरा आहे ती विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेली ही पद्धत आपल्याकडे चांगली रुजली. अविवेकी विचार पकडायचा, त्याला पुरावा मागायचा. ही पुस्तकं टाकाऊ नाहीत, पण त्यांची वेळ नंतर येते. छाती धडधडत असताना, हातपाय गार पडले असताना ‘पुरावा काय?’ असं मनाला विचारणं म्हणजे बिथरलेल्या बैलाला कायदा समजावणं. शरीर आधी खाली यावं लागतं. ते आल्यावर ‘मी नालायक आहे’ या वाक्याला पुरावा मागा, तेव्हा ते पुस्तक सोन्यासारखं काम करतं.

पुस्तक हातात घेतल्यावर पहिलं पान वाचू नका, अनुक्रमणिका बघा. जोराचा उमाळा आला, म्हणजे जुनी भीती किंवा लाज एकदम अंगावर आली, तर काय करायचं याचं प्रकरण आहे का? ‘इथे थांबा, हे एकट्याने करू नका’ असं कुठे लिहिलंय का? ही दोन्ही असतील तर लेखकाने खरी माणसं पाहिलेली आहेत. पहिल्याच प्रकरणात आईवडिलांना माफ करायला लावणारं, एकवीस दिवसांत बरं करणारं, किंवा पहिल्या आठवड्यात सगळ्या आठवणी लिहून काढायला सांगणारं पुस्तक परत ठेवा. एका वेळी एकच पुस्तक. उशाशी सहा पुस्तकं साचली की समजावं, वाचन हीच आता पळवाट झाली आहे.

भाषेचं एक सांगायला हवं. शिव्या, टोमणे, धमक्या सगळं मराठीत झालेलं असतं, त्यातही गावाकडच्या मराठीत. म्हणून तोच मजकूर इंग्रजीत वाचताना थोडा लांबून दिसतो आणि मराठीत वाचला की काळजात जातो. याचा उपयोग करून घेता येतो. इंग्रजी जमत असेल तर माहितीची प्रकरणं इंग्रजीत वाचा आणि स्वतःला धीर देणारी वाक्यं मात्र आपल्या बोलीत लिहा. ‘मी सुरक्षित आहे’ हे छापील वाटतं. ‘आता कुणी मारत नाही, दार माझ्या हातात आहे’ हे अंगाला कळतं.

वाचायचं कसं

मात्रा ठरवून. एका बैठकीला दहा ते पंधरा मिनिटं, चार-पाच पानं, आठवड्यातून तीन-चार दिवस. झोपण्याआधीचे दोन तास अजिबात नको. जेवण झालेलं असावं, उपाशीपोटी शरीर आधीच ताणलेलं असतं. पंचमी, एकादशीचे उपवास असतील त्या दिवशी सुट्टी घ्या.

सुरू करताना ताणाला शून्य ते दहात आकडा द्या. शून्य म्हणजे दुपारी लिंबाखाली बाजेवर पडल्यासारखं, दहा म्हणजे आता जीव जातो. चारच्या वर असेल तर आज वाचू नका. वाचता वाचता सहावर गेलं तर वाक्य अर्धं असलं तरी थांबा. ‘प्रकरण तरी संपवू’ हा मोह नडतो. आणि आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. एकच ओळ चार वेळा वाचली, काही शिरत नाही, डोळ्यांपुढे धुकं, हात आपले नाहीत असं वाटतंय, आणि आकडा मात्र शून्य. ही शांती नव्हे, शरीराने वीज तोडली आहे. तेव्हाही थांबायचंच.

पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. आधी उमाळा सांभाळण्याचं प्रकरण, मग शरीर आणि मेंदू कसे वागतात ते, मग आतल्या टोचणाऱ्या आवाजाबद्दलचं, मग नात्यांबद्दलचं. आठवणींवर काम करायची प्रकरणं आहेत त्यांची पानं दोऱ्याने बांधून ठेवा. खरंच बांधा. ती थेरपिस्टसमोर उघडायची.

व्यायाम एकच निवडा आणि तो दोन आठवडे रोज करा, तेही मन ठीक असताना. पोहायला विहिरीत पडल्यावर शिकता येत नाही.

श्वासाचा साधा प्रकार: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. सोडणं लांबलं की धडधड उतरते. मात्र ज्यांचं तोंड-नाक कधी दाबलं गेलं, किंवा ज्यांना श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरायला होतं, त्यांनी हा सोडून द्यावा. त्यांनी डोळे उघडे ठेवून दोन्ही टाचा जमिनीत रेटाव्यात, माठातल्या पाण्याचा हबका मनगटावर आणि मानेवर मारावा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत: उतरंड, खुंटी, कॅलेंडर, चार्जर, केरसुणी. जड वाकळ अंगावर घेणं हाही उपाय आहे, आणि तो घरोघर पडलेला आहे.

दहा दिवसांच्या मौन शिबिरांबद्दल इथेच सांगून टाकू. इतरांना ती लाभतात. पण लहानपणीचा आघात असलेल्या माणसाला, विशेषतः उपचार सुरू नसताना, दिवसभर डोळे मिटून स्वतःबरोबर बसणं म्हणजे सगळी दारं एकदम उघडणं. थेरपिस्टला विचारल्याशिवाय नाव घालू नका.

उमाळ्याची चिठ्ठी

या आजारातला उमाळा सिनेमातल्यासारखा नसतो. चित्र दिसत नाही, फक्त भावना येते. पीट वॉकर या थेरपिस्टने त्याला भावनिक फ्लॅशबॅक म्हटलं आणि तेव्हा शरीर घेतं त्या चार पवित्र्यांबद्दल लिहिलं: अंगावर जाणं, पळणं, गोठणं आणि पुढे पुढे करणं. यातला चौथा आपल्याकडे सर्वांत कमी ओळखला जातो, कारण त्याला घरात ‘किती समजूतदार लेकरू’ म्हणून शाबासकी मिळालेली असते. पळणं म्हणजेही दर वेळी घरातून जाणं नव्हे. रात्रंदिवस कामात, अभ्यासात बुडणं हे पळणंच. लातूर पॅटर्नच्या अभ्यासात ते नव्वद टक्के गुणांमागे झाकलं जातं.

उदाहरण घेऊ. बत्तीस वर्षांची बाई जिल्हा बँकेत नोकरीला आहे. साहेब दारातून म्हणतात, ‘मॅडम, जरा आत या.’ आवाज चढलेला नाही. तरी तिच्या पोटात गोळा येतो, जीभ कोरडी पडते, आणि ती आत शिरायच्या आधीच ‘सॉरी सर’ म्हणते. साहेबांना फक्त एका फाइलचं विचारायचं होतं. संध्याकाळभर ती स्वतःला शिव्या देते, दुसऱ्या दिवशी रजा टाकते. ‘जरा आत ये’ हे तिच्या घरी मार देण्याआधीचं वाक्य होतं, एवढं कळायला तिला आठवडे लागू शकतात. तेवढ्या काळात चालवून न्यायला चिठ्ठी असते. आधार कार्डाच्या आकाराचा पुठ्ठा, पर्समध्ये किंवा खिशात:

हा जुना उमाळा आहे, आत्ताचं संकट नाही.
आज अमुक तारीख. माझं वय ३२. मी बँकेत आहे.
टाचा जमिनीत. खांदे खाली. जबडा सैल.
मी लहान नाही. दाराची कडी माझ्या हाताला पुरते.
अर्धा तास कुठलाही निर्णय नाही, मेसेज नाही, माफी नाही.
पाणी पी. बाहेर उभी राहा.
हे उतरतं. मागच्या वेळीही उतरलं होतं.

पाचवी ओळ सर्वांत महत्त्वाची. नुकसान उमाळ्याने होत नाही, उमाळ्यात पाठवलेल्या राजीनाम्याने, लांबलचक मेसेजने, तोडलेल्या नात्याने होतं.

उतरल्यावर वहीत चार रकाने भरा: काय घडलं, शरीरात काय झालं, किती वेळ टिकलं, कशाने उतरलं. बाईच्या वहीतली ओळ अशी दिसेल: ‘सा. ने आत बोलावलं / पोट, जीभ / दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी रात्री ११ / पाणी, गच्ची, मावशीचा फोन.’ एवढंच. लांब लिहू नका, लांब लिहिताना माणूस पुन्हा त्यात बुडतो. आपल्या घरात कुलूपबंद खण असतोच असं नाही, भावजय वही चाळतेच. म्हणून आद्याक्षरं वापरा, हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहा, किंवा मोबाइलमध्ये पासवर्ड लावून. सापडण्याची धास्ती असेल तर लिहिलंच पाहिजे असंही नाही, आकडे तरी टिपा.

माणूस शोधणं

हे दुखणं माणसांच्या हातून झालेलं असतं, त्यामुळे पुस्तकं एका मर्यादेपर्यंतच नेतात. समोरच्या माणसाला आपली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट कळली आणि त्याने तोंड फिरवलं नाही, हा अनुभव छापील पानातून येत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी डॉक्टर, औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर सांगायला हवा. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लिहितो, म्हणून शिक्षण विचारा. एमए मानसशास्त्र करून आघातावर नीट प्रशिक्षण घेतलेले चांगले समुपदेशक आहेत, आणि चार दिवसांचा कोर्स करून बसलेलेही आहेत.

सरकारी वाट स्वस्त आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीचं, लातूरचं, या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय असते. तिथल्या ओपीडीकडून तासभराच्या थेरपीची अपेक्षा ठेवू नका, गर्दी असते, पाच-दहा मिनिटं मिळतील. त्यांचा नीट वापर करा. सकाळी लवकर केसपेपर काढा आणि घरून अर्ध्या पानाचा कागद लिहून न्या: झोप किती तास, भूक, उमाळे आठवड्यातून किती, मरणाचे विचार आहेत की नाहीत, चालू औषधं, आणि एक ओळ, ‘लहानपणी अनेक वर्षं मारहाण/अत्याचार झाला.’ तपशील तिथे सांगावा लागत नाही. बाहेर बाकावर ओळखीचं कुणी दिसलं तर? झोपेसाठी आलोय म्हणा, खोटंही नाही.

औषधाने बालपण बदलत नाही, पण झोप आणि धडधड इतकी आवरते की थेरपी करता येते. नैराश्य-चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता येऊ शकते आणि नेमकं तेव्हाच लोक गोळी टाकून देतात. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून झोपेची गोळी आणत राहणं हे वेगळंच दुखणं विकत घेणं आहे.

थेरपीसाठी खासगीत जावं लागलं तर गाव निवडताना विचार करा. तालुक्याच्या गावात कोण कुणाचा साडू निघेल सांगता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, पण वेटिंग रूममध्ये दिसण्यापासून कायदा वाचवत नाही. शेजारचा जिल्हा गाठा किंवा ऑनलाइन करा. ऑनलाइनला अडचण जागेची: सात माणसांच्या घरात पाऊण तास एकटं कुठे बसणार? शेताचा बांध, बंद उभी केलेली गाडी, मैत्रिणीची खोली, वाचनालयाची गच्ची, काहीतरी आधी ठरवा. इयरफोन लावा. अचानक कुणी आलं तर थेरपिस्टला कळावं म्हणून एक शब्द ठरवून ठेवा, ‘खताचं बिल बघतो’ असलं काहीतरी.

पहिल्या फोनवर विचारायचं: बालपणीच्या दीर्घ आघातावर काम करता का? सुरुवात कशी करता? फी किती, आठवड्याला जमलं नाही तर? घरच्यांना बोलावता का? ‘आधी स्थिर होऊ, मग आठवणींकडे बघू, आणि तुमच्या परवानगीशिवाय घरी कुणाशी बोलणार नाही’ असा अर्थ निघणारं उत्तर चांगलं. ‘तीन सेशनमध्ये मोकळे व्हाल’, ‘आईबाप देव असतात हो’, ‘आधी लग्न करून टाका’ ही उत्तरं आली की नमस्कार करून फोन ठेवा. सेशनमध्ये न विचारता स्पर्श, स्वतःच्या घरची रडकथा, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी, गंडे-दोरे, यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्यांदा जाऊ नका. अंगात येतं म्हणून बाहेरची बाधा काढायला मारहाण करणारा भोंदू तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगारच आहे.

सेशन साधारण पाऊण ते एक तास, आठवड्यातून एकदा. पैशाने किंवा अंतराने शक्य नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा, आणि मधल्या आठवड्यात पुस्तकातला एक व्यायाम. कालावधी महिन्यांत न मोजता वर्षांत धरा. एक-दोन वर्षं ही सामान्य गोष्ट आहे. ईएमडीआर ही डोळ्यांच्या हालचालींची पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सिन शपिरो यांनी सुरू केली. ती एकट्या प्रसंगावर लवकर काम करते, पण वर्षानुवर्षांच्या आघातात तिच्या आधीची तयारीच लांब असते. पहिल्याच दिवशी सुरू करणाऱ्याला ‘तयारी कधी करायची?’ असं विचारा.

दोन्ही एकत्र कसं चालवायचं

पुस्तक थेरपीला नेताना अख्खं नेऊ नका. ज्या पानावर आकडा सहावर गेला त्याचा फोटो काढा आणि म्हणा, ‘इथे अडकलो.’ तासाभराच्या गप्पांपेक्षा तो एक फोटो जास्त काम करतो. पुस्तकातला नवा व्यायाम सुरू करण्याआधी ‘हा आत्ता करू का, की थांबू?’ एवढंच विचारा. आणि थेरपिस्टला पुस्तकाच्या तराजूत तोलत बसू नका, ‘लेखक तर असं म्हणतो’ हे वाक्य बहुधा जवळीक टाळायला वापरलं जातं.

सेशननंतरचे दोन तास मोकळे ठेवा. आठवणींवर काम सुरू झालं की त्या रात्री स्वप्नं पडतात, दुसरा दिवस जड जातो. दोन-तीन दिवसांत उतरलं तर ठीक. आठवडाभर झोपच नसेल, काम सुटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर वेग जास्त झाला आहे. थेरपिस्टला ‘हळू घ्या’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पुढे पुढे करणाऱ्याला हेच सर्वांत अवघड जातं. तो थेरपिस्टलाही खूश ठेवतो, ‘खूप बरं वाटतंय’ म्हणतो आणि चौथ्या सेशननंतर गायब होतो. थेरपिस्टचा राग आला, त्याने घड्याळाकडे बघितलेलं लागलं, तर न जाता तेच जाऊन सांगा. रागावूनही नातं तुटत नाही, हे इथे शिकायचं असतं.

आठवणी खणायला जाऊ नका. लहानपणीची वर्षंच्या वर्षं कोरी असू शकतात. ती भरून काढायची घाई केली, कुणी सुचवत गेलं, तर न घडलेलंही घडल्यासारखं वाटू शकतं. जेवढं आठवतं तेवढ्यावर काम होतं.

घर, सण आणि माफी

चौथं-पाचवं प्रकरण वाचून झालं की दिवाळीत सगळ्यांसमोर बापाला जाब विचारायची उबळ येते. तसं करू नका. बापाचं म्हणणं ठरलेलं असतं, ‘आम्ही काय कमी केलं तुला?’ आई रडते, आत्या मध्ये पडते, आणि तुम्ही पुन्हा सात वर्षांचे होता. बोलायचंच असेल तर थेरपीत महिनोन्महिने तयारी करून, एका माणसाशी, समोरचा कबूल करणार नाही हे धरून चालून.

त्यापेक्षा भेटींचं माप ठरवा. जत्रेला चार दिवसांऐवजी एक मुक्काम. परतीची एसटी आधीच आरक्षित, म्हणजे ‘उद्या सकाळची गाडी आहे’ हे खरं कारण हातात राहतं. झोपायची जागा बहिणीकडे. काही वाक्यं पाठ असावीत, कारण आयत्या वेळी जीभ गोठते: ‘आत्या, लग्नाचं आज नको, दुसरं काही बोलू.’ ‘बाबा, तुम्ही पिऊन आहात, सकाळी बोलू.’ ‘काका, मी लांबूनच नमस्कार करते.’ पहिल्यांदा आवाज कापेल. वाक्य एकदाच म्हणा, समजावत बसू नका.

माफीची सक्ती कुणाचीच ऐकू नका. बापही कर्जात होता, त्यालाही त्याच्या बापाने बडवलं होतं, हे खरं असू शकतं आणि तुम्हाला मारलं हेही खरंच. दोन्ही एका वेळी धरायला काळ लागतो. काहींना शेवटी माफ करावंसं वाटतं, काहींना नाही, आणि दोघंही बरे होतात.

सुधारणा कशी ओळखायची

उमाळे बंद होण्याची वाट बघितली तर निराशा होईल. वहीचा तिसरा रकाना बघा. दर तीन महिन्यांनी मागची पानं काढा. बँकेतल्या बाईला एका ‘जरा आत या’ला आधी दीड दिवस लागत होता. मग एक संध्याकाळ, मग तासभर. एखाद्या दिवशी ती खुर्चीवर बसते आणि ‘सॉरी’च्या जागी ‘बोला सर’ म्हणते. मधे एखादा वाईट महिना येतो. श्राद्धाचा पंधरवडा, आपलं मूल आपल्याला मार बसला त्या वयाला पोचणं, घरातला मृत्यू, यांनी सगळं परत उसळतं. मागे गेलो असं तेव्हा वाटतं, पण वही उघडली की आकडा पहिल्या वर्षीपेक्षा लहानच असतो.

थेरपी संपवतानाही एकदम बंद करू नका. आठवड्याचं पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर, मग तीन महिन्यांनी एकदा. शेवटच्या दोन-तीन बैठका निरोपासाठी राखून ठेवा, कारण लहानपणी माणसं न सांगता गेलेली असतात. दोऱ्याने बांधलेली पानं एव्हाना सुटलेली असतील. नसतील तर राहू द्या. पुठ्ठ्याची चिठ्ठी मात्र पर्समध्येच असू द्या, वयाचा आकडा दर वाढदिवसाला खोडून नवा लिहायचा.